क्लेअर, १८२८ : निवडणूक जिंकून देणाऱ्या मतदारांचा मताधिकार कसा गेला

१८२८ च्या जुलैत आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीत एक पोटनिवडणूक झाली. एकूण मते पडली तीन हजारांच्या आसपास. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसायची ज्याला मुभाच नव्हती असा माणूस तिथे एका मंत्र्याला पाडून निवडून आला आणि पुढच्या नऊ महिन्यांत सरकारला कायदा बदलावा लागला. आयर्लंडच्या इतिहासात ही गोष्ट विजयाची म्हणून सांगतात. विजय होताच, त्यात वाद नाही. पण ज्या कुळांनी ती मते दिली त्यांच्या बाजूने जमाखर्च मांडला तर शिल्लक वेगळी निघते. इथे तो त्या बाजूने मांडला आहे.

पार्श्वभूमी

१८०१ पासून आयर्लंडला स्वतःचे पार्लमेंट उरले नव्हते. तिथून १०० सभासद लंडनला जात. बहुसंख्य प्रजा कॅथलिक, जमीनदार मात्र बहुतेक प्रोटेस्टंट. १७९३ च्या कायद्याने कॅथलिकांना मत देता येत होते. सभासद होणे मात्र अशक्य करून ठेवले होते, आणि त्याची तऱ्हा मोठी चतुर होती. कॅथलिकाने निवडणुकीला उभे राहू नये असे कायदा कुठेच म्हणत नव्हता. निवडून आल्यावर सभागृहात बसण्याआधी जी शपथ आणि जे प्रतिज्ञापन करावे लागे, त्यात मास, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि मरियेची व संतांची आळवणी ही मूर्तिपूजा आहे असे म्हणावे लागे. श्रद्धावान कॅथलिकाच्या तोंडून हे निघणे शक्य नव्हते. दार उघडे, पण उंबऱ्यावर शपथ.

मत कोणाला होते, हे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण सगळे प्रकरण त्यावर फिरते. काउंटीच्या निवडणुकीत ज्याच्या जमिनीतून खंड वजा जाता वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड उत्पन्न सुटते त्याला मत. अट एवढीच की जमीन ठरावीक वर्षांच्या कराराने घेतलेली नसावी. मालकीची असावी, नाहीतर हयातीच्या पट्ट्याने घेतलेली. पट्ट्यात दोन-तीन माणसांची नावे घालत आणि त्यातले कोणी जिवंत आहे तोवर पट्टा चाले. इंग्लंडात चाळीस शिलिंगवाला म्हणजे बहुधा स्वतःच्या तुकड्याचा मालक. आयर्लंडात तो बहुधा कूळ. जमीनदारांनी असे हयातीचे पट्टे मुद्दाम वाटले, जमिनीचे तुकडे पाडून वाटले, कारण जितके पट्टे तितकी मते, आणि जितकी मते तितके लंडनमध्ये वजन. कुळाला खरोखर ४० शिलिंग सुटतात की नाही, हे फारसे कोणी खोदून विचारत नसे.

मतदान उघडे होते. निवडणूक घेणाऱ्या शेरीफच्या माणसांसमोर उभे राहायचे आणि उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे. जमीनदाराचा कारभारी यादी घेऊन तिथेच. त्यात आयर्लंडात खंडाची सहा महिन्यांची बाकी कायम मागे ठेवण्याची रीत होती. वरून पाहता कुळाला सवलत, आतून गळ्यातला फास: कूळ वाकडे गेले की कारभारी ती बाकी एकदम मागे, आणि नाही भरली की जमीन खाली करायची. त्यामुळे निवडणुकीच्या दिवशी जमीनदार पुढे आणि त्याची कुळे मागे, अशी वरात गावात शिरे. आपल्याकडे ज्याला एकगठ्ठा मतदान म्हणतात ते इतक्या उघडपणे क्वचितच कुठे झाले असेल.

या गठ्ठ्याला पहिली मोठी चीर पडली १८२६ मध्ये. डॅनियल ओकॉनेल या केरीच्या वकिलाने १८२३ मध्ये कॅथलिक असोसिएशन काढली होती आणि महिना एक पेनी वर्गणी ठेवून ती गावोगावी नेली होती. १८२६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वॉटरफर्डला बेरेसफर्ड या बड्या घराण्याचा उमेदवार त्याच्याच कुळांनी पाडला. विजयी उमेदवार कॅथलिकांच्या बाजूचा असला तरी स्वतः प्रोटेस्टंट होता, म्हणून शपथेचा प्रश्न आला नाही. कुळांवर मात्र सूड उगवला गेला. थकबाकीच्या नोटिसा निघाल्या, काहींच्या जमिनी गेल्या. असोसिएशनने त्यांच्यासाठी निधी उभा केला, पण मार बसल्यानंतर.

पेच

जानेवारी १८२८ मध्ये वेलिंग्टन पंतप्रधान झाला. आपल्याला तो आर्थर वेलस्ली म्हणून ठाऊक आहे: १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. मे महिन्यात त्याच्या मंत्रिमंडळातला एक गट बाहेर पडला आणि रिकाम्या झालेल्या व्यापार खात्यावर त्याने क्लेअरचा सभासद विल्यम व्हेसी फिट्झजेराल्ड याला घेतले. त्या काळी असे पद घेतले की सभासदाला राजीनामा देऊन आपल्या मतदारसंघातून पुन्हा निवडून यावे लागे. सहसा हा निव्वळ उपचार असे.

असोसिएशनचा ठराव आधीच झालेला होता: वेलिंग्टनच्या सरकारला पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विरोध करायचा. अडचण अशी की फिट्झजेराल्ड हा वाईट माणूस नव्हता. तो कॅथलिकांच्या मागण्यांना मत देत आला होता, काउंटीत लोकप्रिय होता, त्याने पुष्कळांच्या मुलाबाळांना नोकऱ्या लावून दिल्या होत्या आणि त्याच्या वडिलांनी आयर्लंडचे पार्लमेंट बुडवण्याला विरोध करून स्वतःचे पद घालवले होते. एनिस गावचे वरिष्ठ धर्मगुरूसुद्धा त्याच्याच बाजूचे. अशा माणसाला पाडायचे तर कारण काय सांगायचे?

(जाता जाता: याच फिट्झजेराल्डचा अनौरस मुलगा सेमूर फिट्झजेराल्ड १८६७ ते १८७२ मुंबई प्रांताचा गव्हर्नर होता. पुण्यातला बंडगार्डनचा जुना फिट्झजेराल्ड पूल त्याच्या नावाचा.)

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, ही निवडणूक सोडून देणे. याच्या बाजूने बोलणारे कमी नव्हते. सरकारने त्याच वर्षी प्रोटेस्टंटांमधल्या इतर पंथीयांवरचे निर्बंध उठवले होते आणि विरोधी पक्षातल्या लॉर्ड जॉन रसेलने कळवले होते की आता तो विरोधाचा ठराव मागे घ्यावा. खुद्द ओकॉनेलचा कल मागे घेण्याकडे होता. असोसिएशनने ऐकले नाही. नेत्यापेक्षा संघटना ताठर निघाली, आणि क्लेअर घडले ते त्यामुळे.

दुसरा, वॉटरफर्डचाच मार्ग: मैत्रीतला प्रोटेस्टंट उभा करणे. त्यासाठी मेजर मॅकनमारा याला विचारले. १८१५ मध्ये ओकॉनेलने ज्या द्वंद्वयुद्धात एकाला ठार केले त्यात हा त्याचा साथीदार होता, म्हणजे मैत्री किती पक्की ते कळावे. पण मॅकनमारांच्या घरावर फिट्झजेराल्डचे उपकार होते. त्याने नकार दिला.

तिसरा पर्याय उरला तो या नकारातून. डब्लिनमधल्या एका परिचिताने सुचवले, ओकॉनेलने स्वतःच का उभे राहू नये? कायद्याची फट तर होतीच. आरंभी ओकॉनेल बिचकला. हरलो तर चळवळीची लाज, जिंकलो तर सभागृहाच्या दारात अडवले जाणार. पण दारात अडवले जाण्याचे भय सरकारला जास्त असायला हवे, हे त्याच्या लवकरच लक्षात आले. २४ जूनला त्याने उमेदवारी जाहीर केली. क्लेअरच्या मतदारांना काढलेल्या पत्रकात त्याने आडपडदा ठेवला नाही: निवडून यायला मी पात्र आहे, ती शपथ मात्र मी कधीच घेणार नाही, आणि ती रद्द करायची ताकद तुमच्या हातात आहे.

उमेदवारापुढचा प्रश्न या तीन पर्यायांत संपतो. मतदारापुढचा प्रश्न कोणत्याच पर्यायात नव्हता: जमीनदाराविरुद्ध तोंडाने नाव घेतल्यावर पुढे काय? वॉटरफर्डला दोनच वर्षे झाली होती आणि हा अनुभव ताजा होता. तरीही क्लेअरमध्ये तो प्रश्न ‘लोक हिंमत धरतील, बाकी पाहून घेऊ’ यावर सोडला गेला.

काय केले गेले

मतदारसंघ मोठा, रस्ते वाईट, मतदान एनिसला, आणि तेही पाच दिवस चालणारे. लांबून चालत आलेला मतदार दोन-दोन दिवस गावात अडकून पडे. त्याला जेवू कोण घालणार, झोपवणार कुठे? फिट्झजेराल्डकडे जमीनदार होते, ओकॉनेलकडे धर्मगुरू. गावोगावच्या पाद्रींनी आपापल्या मतदारांना गोळा करून, हातात हिरव्या डहाळ्या घेऊन, रांगेने एनिसला आणले. निवडणूक संपेपर्यंत दारूला शिवायचे नाही अशी शपथ घातली गेली आणि ती पाळली गेली. गावात तीस हजारांच्या वर माणूस जमल्याची वर्णने आहेत, आसपास सैन्य उभे, आणि दंगा नाही. सरकारला धडकी भरली ती याने. गोंधळ झाला असता तर लष्कर बोलावता आले असते, निवडणूक रद्द करता आली असती. शिस्तीवर गोळी घालता येत नाही.

या निवडणुकीचे उत्तम वर्णन रिचर्ड लॅलर शील याने लिहून ठेवले आहे. तो ओकॉनेलचा सहकारी, त्यामुळे एका बाजूचा. पण डोळा नाटककाराचा. कोरोफिनचे फादर मर्फी हे उंच, कृश धर्मगुरू त्यात दिसतात. सकाळी इतर पाद्री न्याहारीला बसलेले असताना हे दारात येऊन गरजतात, लांडगा हिंडतो आहे आणि मेंढपाळ इथे बसून खातात? बाहेर मतदार उपाशी आहेत आणि उपाशी माणसाजवळ मोह लवकर येतो. उपदेश बाजूला ठेवला तर हा चोख कार्यकर्ता आहे. पाच दिवसांच्या मतदानात समोरच्याच्या पैशापेक्षा आपल्या मतदाराची भूक जास्त घातक, हे त्याला कळले होते.

शीलने सांगितलेला दुसरा प्रसंग मला तितकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो अस्वस्थ करणारा आहे. रस्त्यावर हजारो लोकांचा गलका चालू असताना एका धर्मगुरूने हात वर केला. सगळा जमाव क्षणात गुडघ्यावर आणि चिडीचूप. फिट्झजेराल्डला मत दिलेला एक कॅथलिक नुकताच अचानक मेला होता, त्याच्या आत्म्यासाठी ही प्रार्थना होती. प्रार्थनेत वावगे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी मत द्यायला उभ्या राहणाऱ्या कुळाने त्यातून काय ऐकले असेल, हे सांगायला नको. एका बाजूला कारभाऱ्याची यादी, दुसऱ्या बाजूला हे. ज्यांनी त्या पाच दिवसांत मन मोकळे करून मत दिले असे नक्की किती, हे कोणाला कधीच ठरवता येणार नाही.

३० जूनला कोर्टाच्या इमारतीत उमेदवारांची नावे मांडली गेली. फिट्झजेराल्डने भाषणात आपल्या सेवेची आठवण दिली, वडिलांच्या आजारपणाचे बोलताना त्याला रडू आले, आणि सभा हेलावली. त्यावर उठलेल्या ओकॉनेलने त्याच्या जुन्या राजकीय सोबती एकेक करून उकरल्या: कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या माजी पंतप्रधान पर्सिव्हलच्या सरकारात हा होताच ना? भाषण बोचरे, बरेचसे अन्यायाचेही होते. पण फिट्झजेराल्डने मते मागितली ती वैयक्तिक उपकारांवर, आणि उपकारांची यादी कितीही लांब असली तरी ती बहुतेक वरच्या घरांमधली होती. चाळीस शिलिंगवाल्याच्या मुलाला कोणी सरकारी नोकरी दिली नव्हती.

मग तांत्रिक डाव आले. कॅथलिक मतदाराला मत देण्याआधी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. तिचा आग्रह धरून वेळ काढायचा प्रयत्न झाला. त्यावर तोड म्हणून मतदारांना घोळक्याने उभे करून एकत्र शपथ देण्यात आली.

निकाल

५ जुलैला मोजणी जाहीर झाली. ओकॉनेल २०५७, फिट्झजेराल्ड ९८२. फिट्झजेराल्डने गृहमंत्री रॉबर्ट पीलला त्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात विश्लेषण एका ओळीत आले आहे: सगळे प्रतिष्ठित आणि पन्नास पौंडवाले मतदार आपल्याला मिळाले, बाकी सगळे गेले. पत्राचा सूर पराभवापेक्षा भीतीचा आहे.

पीलने ऑगस्टपर्यंत मनाशी हिशेब केला. ओकॉनेलला अडवले तर पोटनिवडणूक पुन्हा तीच. पार्लमेंट विसर्जित केले तर एका क्लेअरची डझनभर क्लेअर. आयर्लंडातल्या सैन्यातही कॅथलिक शिपाई पुष्कळ. पील जन्मभर या मागणीचा विरोधक, पण त्यानेच कायदा आणायचे ठरवले. त्याची किंमतही मोजली: ऑक्सफर्ड विद्यापीठाची जागा सोडून तो पुन्हा उभा राहिला आणि पडला, शेवटी वेस्टबरी या खिशातल्या, म्हणजे एखाद्या धन्याच्या मुठीत असलेल्या, मतदारसंघातून सभागृहात आला. राजा चौथा जॉर्ज शेवटपर्यंत अडून बसला आणि मंत्र्यांनी राजीनामे दिल्यावर काही तासांत नरमला. वेलिंग्टनने या वादातून मार्चमध्ये लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलांचे द्वंद्वयुद्धही केले, पंतप्रधान असताना. १३ एप्रिल १८२९ ला कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडणारा कायदा, म्हणजे कॅथलिक मुक्तीचा कायदा झाला.

त्याच दिवशी दुसऱ्या कायद्यालाही मंजुरी मिळाली. आयर्लंडच्या काउंट्यांमध्ये मताची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर, म्हणजे पाचपट. मतदारसंख्या सुमारे २,१६,००० वरून ३७,००० वर आली. सहांतले पाच गेले. इंग्लंडातल्या चाळीस शिलिंगवाल्यांना कोणी हात लावला नाही.

ओकॉनेल मे महिन्यात सभागृहात गेला तर नवी सौम्य शपथ त्याला लागू नाही असे निघाले. नव्या कायद्यातले कलम फक्त यापुढे निवडून येणाऱ्यांसाठी होते. हा टोमणा मुद्दाम घातलेला. त्याच्यापुढे जुनी शपथ ठेवली. त्याने वाचली आणि म्हणाला, यातले एक विधान वस्तुस्थिती म्हणून खोटे आहे हे मला ठाऊक आहे आणि दुसरे मत म्हणून खोटे आहे असे मी मानतो. जागा रिकामी ठरली. तोवर हॉर्शममधून अर्ल ऑफ सरी हा कॅथलिक उमराव नव्या शपथेने सभागृहात येऊन बसलाही होता. ३० जुलै १८२९ ला ओकॉनेल क्लेअरमधून बिनविरोध निवडून आला. मतदान घ्यावेच लागले नाही.

कुठे काय वेगळे करता आले असते

सरकारच्या बाजूने पाहिले तर चूक साधी आहे. मंत्र्याला पुन्हा निवडून आणायचे होते तर क्लेअर ही जागा धोक्याची, हे वॉटरफर्डनंतर कळायला हवे होते. पीलला नंतर मिळाली तशी खिशातली जागा फिट्झजेराल्डलाही मिळाली असती. जमीनदार आपल्या बाजूने आहेत एवढ्यावर सगळे निश्चिंत राहिले.

ओकॉनेलच्या बाजूने मात्र प्रश्न अवघड आहे. क्लेअरच्या विजयानंतर त्याने जाहीर शब्द दिला होता की चाळीस शिलिंगवाल्यांच्या मताच्या बदल्यात मिळणारी मुक्ती मला नको. १८२९ च्या वसंतात हा व्यवहार समोर आला तेव्हा निषेध झाला, अर्ज झाले, आणि तेवढ्यावर राहिले. त्याचे समर्थन करता येते: मुक्तीचा कायदा अडवला असता तर पुन्हा संधी आली नसती, आणि कुळांचे मत अखेर जमीनदाराचेच असते असा त्याचा जुना समज होता. पण मूळ दुखणे त्याआधीचे आहे. १८२५ मध्ये असाच एक प्रस्ताव पार्लमेंटसमोर आला होता, मुक्ती द्या आणि बदल्यात चाळीस शिलिंगवाले काढा, आणि तेव्हा ओकॉनेलने त्याला संमती दिली होती. तो प्रस्ताव लॉर्डांच्या सभागृहात पडला, पण ज्यांना पाहायचे होते त्यांनी पाहून ठेवले. पीलला १८२९ मध्ये अंदाज बांधावा लागला नाही. या गटाची किंमत काय, हे समोरच्याने चार वर्षांपूर्वीच सांगितले होते. आणि १८२५ मध्ये जे कुळाचे मत बिनकामाचे म्हणून सोडायला तो तयार होता, त्याच मताने १८२८ मध्ये त्याला निवडून आणले. तेव्हाच धोरण बदलायला हवे होते, शब्दाने नव्हे तर तयारीने. सूड उगवला गेला तर त्यासाठीचा निधी मतदानाआधी, आणि मताधिकाराचा मुद्दा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, वेलिंग्टन अजून हादरलेला असताना.

गुप्त मतदान हा दुसरा उपाय. ते आले १८७२ मध्ये. ओकॉनेलने १८३० मध्ये त्यासाठी सभागृहात प्रस्ताव मांडला खरा, पण तोपर्यंत क्लेअरचे बहुतेक मतदार यादीतून गेलेले.

एक मागणी तर अगदी हाताशी होती: कायदा पुढच्यांसाठी बदला, पण आज यादीत असलेल्याला त्याच्या हयातीपर्यंत मत राहू द्या. पट्टाच हयातीचा, तर मतही हयातीचे. हे स्वप्नरंजन नव्हते. १८३२ च्या सुधारणा कायद्यात इंग्लंडातल्या शहरांमधल्या जुन्या हक्काच्या मतदारांना याच धर्तीवर सवलत मिळाली, आणि ती देणारे सभागृह वेस्टमिन्स्टरचेच. १८२९ मध्ये पीलने ते मान्य केले असते का, कोण जाणे, बहुधा नसते. पण मुक्तीचा कायदा त्याला ओकॉनेलइतकाच तातडीने हवा होता, आणि ताणून धरायला इतकी जागा पुन्हा मिळणार नव्हती.